तुम्ही विचारलंत म्हणून: आवाज गेला का?

माझी गाडी सकाळी थंड असताना सुरू केली की आवाज करायची, आणि गेली तीन वर्षं मला भेटणारा प्रत्येक माणूस हे विचारतो. ज्यांना गाड्यांतलं कळतं ते विचारतात, आणि ज्यांना ओ की ठो कळत नाही ते तर आजारी माणसाची चौकशी केल्यासारखं विचारतात, "काय हो, तो सकाळचा आवाज गेला का शेवटी?" मी "हो, बराच" म्हणतो आणि विषय बदलतो. आज एकदाच नीट सांगतो, परत विचारू नका.

गाडी २० वर्षांची, टर्बो, चार सिलिंडर, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली. रात्रभर उभी राहिली की तेल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यात, उतरतं, सकाळी सेल्फ मारल्यावर पंपाने ते वर पोचवेपर्यंत व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर एखाद-दोन सेकंद बोंबलतात. त्यात थंड इंजिन मुद्दाम १२०० आरपीएमला चालतं, स्पार्कही उशिरा पडतो, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवायचा असतो, म्हणून सगळंच जरा कर्कश लागतं. आणि आमचे पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले. त्या मिश्रधातूत सिलिकॉन जवळजवळ नाहीच, तापल्यावर तो जास्त फुगतो, म्हणून थंड असताना फट जास्त ठेवावी लागते आणि तापेपर्यंत पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर थपथप आपटतो. हे भाषण मी इतक्या वेळा दिलंय की शेवटी शेवटी मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. म्हणजे खरं आहेच ते. पण माझ्या गाडीतला आवाज तोच होता का, हे मी कुठे तपासलं होतं?

"तेल बदलून बघा" म्हणणाऱ्यांसाठी: बघितलं. ५डब्ल्यू-४० काढून ०डब्ल्यू-४० टाकलं. ४० हा गरम तेलाचा आकडा, १०० अंशांवरचा, तो तसाच राहिला. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, पण ५डब्ल्यूचं तेल स्टार्टरला किती जड जातं ते उणे ३० अंशांवर मोजतात आणि ०डब्ल्यूचं उणे ३५ वर, आणि माझी गाडी असल्या थंडीत आयुष्यात कधी उभी राहिलेली नाही. फिल्टर मात्र चांगला घेतला, ज्याच्या आतला तेल मागे जाऊ न देणारा रबरी पडदा कडक झालेला नसतो, त्याने अर्धा सेकंद वाचला असेल. असेल म्हणतोय.

आता चेनचं. हे सांगायला मला अजून जड जातं.

आमचा मेकॅनिक शांत माणूस. त्याचं एकच म्हणणं होतं, "गाडी रात्रभर इथे सोडा, सकाळी मी स्वतः सेल्फ मारतो." कारण मी गाडी चालवत घेऊन जाणार म्हणजे पोचेपर्यंत ती तापणार आणि वर्कशॉपमध्ये मांजरासारखी गप्प बसणार, दरवेळी. पण मला गाडी रात्रभर बाहेर ठेवायची नव्हती. का? नव्हती, बस्स. मी त्याला मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला आणि वर निदानही मीच सांगितलं, चेन ताणली आहे. त्याने स्कॅनर लावला, चेनने जोडलेल्या कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टच्या जुळणीतला फरक बघितला, म्हणाला लिमिटमध्ये आहे अजून. मी म्हटलं लिमिटमध्ये आहे तोवरच करू, चेन दात सोडून घसरली तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात, मग इंजिन भंगारात. हे चूक नव्हतं! आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

तर उघडलं. इंजिन माउंट, सम्प, पुढचं कव्हर, सगळं. नऊ दिवस. जुनी चेन नवीनच्या शेजारी लटकवून दाखवली त्याने, शेवटच्या कडीला जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक. चेन ताणली म्हणतात पण लोखंड कुठे ताणतंय, पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर, त्याची बेरीज होते. मी ते दोन मिलिमीटर बघून इतका खूश झालो की काय सांगू. गाडी घेतली, गरमच होती, गप्प घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सेल्फ मारला.

टिक टिक टिक टिक टिक.

मी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिलो. घड्याळात मोजलं, एक मिनिट वीस सेकंद, मग विरत विरत बंद. जुना आवाज, अगदी तोच. घरात जाऊन सांगायची हिंमत नव्हती म्हणून अंघोळ करून सरळ कामावर गेलो.

त्याच्या पुढच्या सकाळी बोनेट आधीच उघडून ठेवलं. हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला आणि दुसरं फिरवत नेलं. चेनच्या कव्हरपाशी काही नाही. टॅपेटपाशी साधी टिकटिक. इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरपाशी, कानात थेट फुंकर मारल्यासारखं फट फट फट. टॉर्च मारला तर इंजिनच्या हेडवर नखाएवढा काजळीचा पंखा. मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणारा स्टड, म्हणजे बोल्टच, तुटलेला. मॅनिफोल्ड तापला की लांबीला वाढतो, सगळा ओढा टोकाच्या स्टडांवर येतो, तेच आधी तुटतात. थंड असताना फट उघडी, तापल्यावर धातू फुगून ती बुजते, म्हणून आवाज मिनिटभरात जातो. पुस्तकात लिहिल्यासारखं.

आणि ती काजळी मला ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी इंजिन साफ करताना मीच ती फडक्याने पुसली होती, तेलाचा डाग समजून.

मेकॅनिकने तुटलेला स्टड ड्रिल मारून काढला, नवीन गॅस्केट बसवली, टोमणा एकही मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

नंतर एकदा जुनी आणि नवी रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली तेव्हा कळलं की चेनच्या कामानंतर पहिल्या दोन सेकंदांची खडखड गेलीच होती. त्या सकाळी मला ती गेलेली ऐकूच आली नाही, फक्त उरलेली टिकटिक ऐकू आली. मग काम फुकट गेलं की नाही? जे म्हणतात फुकट गेलं त्यांना मी दोन मिलिमीटर सांगतो, आणि जे म्हणतात बरं केलंस त्यांना स्कॅनरवरचा आकडा सांगतो.

तर आवाज. खडखड गेली, टिकटिक गेली. थपथप आहे, पिस्टनची, तेल ८० अंशांना येईपर्यंत, आणि पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणून तेल तापलं असं नसतं, ते बरंच मागून येतं, तोवर मी गाडी दामटत नाही. पिस्टनचीच आहे का? बेअरिंगचा ठोका जास्त खोल असतो, लोड आला की वाढतो, तेल गरम होऊन पातळ झालं की आणखी वाढतो, माझा उलट कमी होतो. म्हणजे पिस्टनच. मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, "ऐकल्याशिवाय कसं सांगू, रात्रभर सोडा ना गाडी."

बघतो म्हटलंय.