तुलांबेन: आगुंगच्या पायथ्याशी, पाण्याखाली

पहाटे साडेपाचला स्कूबा डायव्हिंगसाठी बालीतल्या तुलांबेन गावाच्या किनाऱ्यावर उभे होतो. मागे आगुंग ज्वालामुखीचा शेंडा उजळायला लागला होता आणि पायाखाली काळे गोटे. इथे मऊ वाळूची पुळण नाही, नारळाएवढे गुळगुळीत दगड आहेत, याच डोंगराच्या पोटातून आलेले. लाट मागे फिरली की ते एकमेकांवर घासून खडखडतात. पाण्यात शिरल्यावरही पहिली काही मिनिटं ती खडखड ऐकू येते, मग हळूहळू विरते आणि आपल्या श्वासाचे बुडबुडे तेवढे उरतात.

बालीला जाणारे बहुतेक लोक दक्षिणेकडे राहतात आणि एका दिवसात इथे येऊन परत जातात. विमानतळापासून अंतर शंभरेक किलोमीटरच आहे, पण अडीच-तीन तास मोडतात. त्यामुळे त्यांच्या गाड्या नऊ-दहाला येतात आणि मग पाण्यात माणसंच माणसं. ताई आणि मी गावातच तीन रात्री राहिलो. तुम्हीही तसंच करा आणि पहिली डायव्ह उजाडताना करा.

उजाडतानाच का, तर लिबर्टीसाठी. ही अमेरिकन लष्कराची मालवाहू बोट. 11 जानेवारी 1942 रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ तिला जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. तिला ओढत सिंगाराजाकडे न्यायला निघाले, पण पाणी भरत चाललं तेव्हा तुलांबेनला किनाऱ्यावर चढवली. तिथे ती एकवीस वर्षं पडून होती. 1963 मध्ये आगुंग फुटला, हजारावर माणसं गेली, आणि त्या हादऱ्यांनी बोट घसरून समुद्रात गेली. आज ती किनाऱ्यापासून पोहत जाण्याच्या अंतरावर, पाच ते तीस मीटर खोलीत आडवी आहे. लांबी सुमारे 120 मीटर. नावेची गरजच नाही, चालत पाण्यात शिरायचं.

मोठ्या कपाळाचे पोपटमासे, बंपहेड, रात्री या सांगाड्यात झोपतात आणि उजेड झाला की निघून जातात. आम्हाला तीनपैकी दोन सकाळी भेटले. हिरवट राखाडी, मीटरभर लांब, कपाळावर टेंगूळ आल्यासारखा फुगवटा. एक तर माझ्यापासून दोन हातांवर थांबून प्रवाळ चावत होता. तो कडकड आवाज पाण्यात इतका स्पष्ट येतो की आधी ऐकू आला, मग मासा दिसला. दहाच्या डायव्हला त्यांच्यातलं एकही नव्हतं. ट्रेव्हलींचा थवा मात्र दिवसभर गोल फिरत असतो आणि काळ्या रेतीच्या उतारावर गार्डन ईल गवतासारख्या डोलत उभ्या असतात. जवळ गेलात की सगळ्या एकदम बिळात.

तारकर्ली-मालवणला शिकलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे पाणी बरेचदा गढूळ असतं, त्यामुळे खोली आपोआप जाणवते. इथे पंधरा-वीस मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं आणि वरचा उजेडही भरपूर असतो. बोट बघता बघता मी अठरा मीटर ओलांडून गेलो, तेही ताईने हातावरचं कॉम्प्युटर दाखवलं तेव्हा कळलं. ओपन वॉटरवाल्यांनी, म्हणजे ज्यांचा पहिलाच कोर्स झालाय आणि ज्यांची मर्यादा अठरा मीटर आहे त्यांनी, दर दोन मिनिटांनी आकडा बघायचाच. सांगाड्याच्या आत शिरू नका, लोखंड गंजून पातळ झालंय.

बूट जाड तळाचे घ्या. मला भाड्याने पातळ तळाचे मिळाले, दुसऱ्या दिवशी गोट्यांवर घोटा मुरगळला आणि दुपारची डायव्ह गेली. फिन्स किनाऱ्यावर घालू नका, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन घाला. परत येताना लाट मोठी असेल तर गुडघ्यांवर रांगत यावं, त्यात लाज कसली. टँक मात्र आपण उचलायचे नाहीत. गावातल्या बायका ते डोक्यावर घेऊन याच गोट्यांवरून झपझप चालत येतात. त्यांना ‘इबू’ (बाई) म्हणा, ‘तेरिमा कासी’ (धन्यवाद) म्हणा आणि हातावर थोडे रुपिया ठेवा.

हंगाम एप्रिल ते नोव्हेंबर. त्यानंतर पावसात लाटा वाढतात. शेजारच्या नुसा पेनिदा बेटाचे मोला (अवाढव्य, चपटे सनफिश) मासे जुलै ते ऑक्टोबर दिसतात, पण तिथे पाणी वीस अंशांच्या आसपास उतरतं आणि प्रवाह खाली खेचतो. पन्नासेक डायव्ह झाल्याशिवाय जाऊ नये, असं माझं मत. शाकाहारी असाल तर सांबळ (तिखट मिरचीची चटणी) विचारून घ्या, त्यात तेरासी असते, म्हणजे आपल्या जवळ्यासारखी बारीक कोलंबी आंबवून केलेली.

शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तास विमान नाही. बातूर ज्वालामुखीचा सूर्योदय ट्रेक आणि डोंगरावरचं किंतामणीही त्याच दिवशी नाही, कारण डायव्हमध्ये रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायला तिथली उंचीसुद्धा पुरेशी असते. काही झालंच तर रिकम्प्रेशन चेंबर (जिथे जास्त दाबाखाली ठेवून या बुडबुड्यांवर उपचार करतात) देनपसारला, म्हणजे तीन तासांवर, तेव्हा डायव्हिंगचा विमा काढूनच निघा. तो मधला दिवस आम्ही तीर्थ गंगाला काढला. परतीच्या वाटेवरच आहे, फार उंचावर नाही. कारांगासेमच्या राजाने 1940च्या दशकात बांधलेले हे हौद 1963च्या उद्रेकात उद्ध्वस्त झाले होते, नंतर पुन्हा उभे केले. पाण्यातल्या दगडी ठोकळ्यांवरून ताई पाय टाकत पलीकडे गेली, खालून केशरी कोई मासे तिच्या सावलीबरोबर सरकत होते.