तुंबलेला बोका: आधी हृदय, मग कॅथेटर

बोका कुंथतोय, लघवीचा थेंब नाही, आणि मालकाने बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजलेलं. पोट चाचपलं की टणक गोळा लागतो: मूत्राशय. दाबून रिकामा करायला जाऊ नका, फुटतो.

लघवी अडली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदय मंदावतं. तालुक्याच्या दवाखान्यात ते मोजायची सोय क्वचितच. स्टेथोस्कोप आहे ना? घाबरलेल्या मांजराचे ठोके 180च्या आसपास हवेत. 140च्या खाली आणि अंग गार, म्हणजे पोटॅशियम चढलंय असं धरून चाला.

10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, किलोला 0.5 ते 1 मिली, शिरेतून 5 ते 10 मिनिटांत, कान ठोक्यांवर ठेवून. ठोके आणखी मंदावले तर थांबा. गाईची कॅल्शियमची बाटली चालणार नाही, तिच्यात बहुधा मॅग्नेशियमही असतं. माणसांच्या मेडिकलमधून 10 मिलीची अँप्युल आणा. याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला अर्धा तास उसंत मिळते, बस्स.

त्या अर्ध्या तासात पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन उरका. 4 किलोच्या बोक्याला रेग्युलर 1 युनिट शिरेतून, सोबत 25 टक्के डेक्स्ट्रोज 8 मिली, तेवढ्याच सलाइनमध्ये मिसळून. कुपी मिलीला 40 युनिटची तर सिरिंजही 40चीच. पुढे सलाइनमध्ये 2.5 टक्के डेक्स्ट्रोज चालू ठेवा, तासातासाला शुगर बघा; ती उशिराही कोसळते. रिंगर लॅक्टेट बिनधास्त लावा, त्यातलं पोटॅशियम नगण्य.

ठोके सावरले की मगच भूल आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. गुंगीसाठी झायलाझिन नकोच. अहेरीहून नागपूरला पाठवायचा असेल तर कॅल्शियम देऊन, 23 गेजच्या सुईने मूत्राशय हलका करून पाठवा.