घरी आवळलेला नट वाटेत सुटला पाहिजे: नऊ दिवस, २,७०० किलोमीटर

चौथ्या दिवशी दुपारी मागचं चाक वळवळायला लागलं. मोटारसायकल हळूहळू कडेला घेईपर्यंत टायर पार बसला होता. दहा मिनिटांत चाक बाहेर आलं आणि तासाभराच्या आत आम्ही पुन्हा वाटेला लागलो. ते सगळं इतकं सुरळीत झालं ते निघण्याआधीच्या दोन महिन्यांमुळे, म्हणून वृत्तांत तिथूनच सुरू करते.

माझी गाडी ४०० सीसीच्या आसपासची, एका सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शनची. पुढे २१ इंची आणि मागे १७ इंची तारांची चाकं, दोन्हींत ट्यूब. धाकटा भाऊ तशाच गाडीवर माझ्या मागे. एकूण २,७०० किलोमीटर, त्यातले सहाशेक कच्च्या रस्त्याचे, आणि सर्वांत उंच खिंड ३,८०० मीटरवर.

तयारीत एक नियम कसोशीने पाळला. घरातली हत्यारांची मोठी पेटी बंद केली आणि गाडीवरचं प्रत्येक काम प्रवासात न्यायच्या पिशवीतल्या हत्यारांनीच केलं. अपवाद फक्त टॉर्क रेंचचा (नट किती जोराने आवळला ते मोजणाऱ्या पान्याचा). पहिल्याच दिवशी मागच्या अ‍ॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट सुटेना. मॅन्युअलमध्ये या नटाला १०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (पिळण्याचा जोर) दिला आहे. माझा पाना २० सेंटिमीटरचा. म्हणजे तेवढा जोर लावायला पान्याच्या टोकावर सुमारे ५० किलोचा भार हवा, आणि धूळ-गंज धरलेला नट सोडवायला त्याहूनही जास्त. पान्यावर चढेल असा पोकळ नळीचा तुकडा शोधला, लांबी दुप्पट झाली आणि लागणारा जोर निम्म्यावर आला. तो तुकडा त्याच दिवशी पिशवीत गेला. अशीच एकेक वस्तू आत आली, आणि दोन महिन्यांत एकदाही हातात न घेतलेले चार पाने बाहेर गेले. तयार विकत मिळणाऱ्या टूलकिटवर विसंबून निघू नका. त्यातला पाना तुमच्या नटाला बसतो की नाही, हे घरच्या फरशीवर कळलेलं बरं.

गाडीवर नवीन काय बसवायचं हेही याच कसोटीवर ठरवलं. इंजिनखालची संरक्षक प्लेट, हँडगार्ड, हँडल उंच करणारे रायझर, दोन जादा दिवे आणि मागे सामानाचा रॅक, एवढंच घेतलं. प्रत्येकाबरोबर आलेले बोल्ट वेगवेगळ्या मापांचे होते. ते बदलून सगळीकडे दोनच मापं ठेवली, त्यामुळे एक अ‍ॅलन की आणि एक १० नंबरचा पाना यांत सगळं सुटतं. प्लेट घेताना एवढं बघा, की ती न काढता ऑइलचा बोल्ट उघडता येतो का. माझ्या प्लेटला तिथे भोक नव्हतं, ते मी पाडून घेतलं.

रायझरने उभं राहून चालवणं फार सुखाचं झालं, पण हँडल वर गेलं की केबल आणि ब्रेकचा पाइप तोकडे पडू शकतात. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. वळवताना इंजिनचा आवाज आपोआप चढला तर थ्रॉटलची (अ‍ॅक्सिलरेटरची) केबल ताणली जाते आहे. ती मोकळी होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प मी जरा कमी आवळते. रोजच्या वापरात ते हलत नाहीत, पण गाडी पडली तर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. सहाव्या दिवशी वाळूत गाडी आडवी झाली तेव्हा लिव्हर फिरला, मी हाताने जागेवर आणला आणि निघाले.

एका सिलिंडरच्या गाडीचा थरथराट सगळे बोल्ट सैल करतो. हलणाऱ्या जागांवर निळं थ्रेडलॉकर (आट्यांवर लावायचा गोंद) लावा. ते साध्या पान्याने सुटतं. लाल लावलंत तर बोल्ट तापवल्याशिवाय सुटायचा नाही, आणि वाटेत ते कुठे करणार? बोल्ट आवळून झाला की डोक्यावरून खालच्या भागापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारताना रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरला आहे. प्रवासात रॅकच्या दोन बोल्टांच्या रेघा तुटल्या, दोन्ही पडण्याआधी सापडले. आणि इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणारे बोल्ट अंदाजाने कधीच आवळू नका. एकदा आटे गेले की सगळा प्रवास तिथेच थांबतो.

वायरिंगवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तरी चूक झाली. दोन दिव्यांचे मिळून ४० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या जवळपास, म्हणून ५ अँपिअरचा फ्यूज. तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कसलंच संरक्षण नसतं. दिवे रिलेवर (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचवर) घेतले, किल्ली बंद केली की तेही बंद. इथवर ठीक. पण हँडलच्या मानेपाशी वायर नीट दिसावी म्हणून मी ती झिप टायने फ्रेमला घट्ट बांधली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागून भावाने हॉर्न दिला.

“ताई, तुझे खालचे दिवे गेलेत!”

हँडल दरवेळी वळताना वायर फ्रेमच्या कडेवर घासली गेली होती, तांबं उघडं पडून शॉर्ट झालं आणि फ्यूज उडाला. दिव्यांची वायर मूळ वायरिंगपासून वेगळी होती, म्हणून हेडलाइट आणि इंजिन चालू राहिलं. नवीन वायरचा तुकडा जोडला, त्यावर रबरी नळी चढवली, मानेपाशी सैल वळसा ठेवला आणि दुसरा फ्यूज टाकला. तुम्ही बांधाल तेव्हा आधी हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, आणि त्यानंतरच झिप टाय ओढा.

आता चौथा दिवस. गाडीला मेन स्टँड नाही. साइड स्टँडवर उभी करून विरुद्ध बाजूने स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांडीखाली) दगड रचले, पुढचा ब्रेक रबरबँडने दाबून ठेवला. टायरची कड रिमपासून सुटत नव्हती, तेव्हा चाक जमिनीवर आडवं ठेवून भावाच्या गाडीचा साइड स्टँड कडेवर टेकवला आणि गाडी त्यावर कलती केली. कड लगेच सुटली. टायर उचकटायचा लिव्हर (चपटी पट्टी) लावताना समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरायची, सगळी युक्ती त्यात आहे. ती कड वर राहिली तर लिव्हरवर कितीही जोर लावा, टायर निघत नाही आणि रिम वाकतो. आत फडकं फिरवलं, एका जागी अडकलं. बारीक तार होती. ती न शोधता नवी ट्यूब टाकली असती तर तीही फुटली असती. चढवताना व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी केला, आणि शेवटच्या घासाआधी व्हॉल्व्ह आत ढकलला म्हणजे ट्यूब लिव्हरखाली चिमटत नाही. जादा ट्यूब एकच नेणार असाल तर २१ इंची न्या. ती मागच्या चाकात घडी पडून का होईना, गावापर्यंत पोचवते. हे काम घरी निदान दोनदा करून बघा. माझ्या पहिल्या खेपेला सव्वादोन तास लागले होते.

खिंडीत एक गोष्ट अनुभवली. खाली, ३०० मीटर उंचीवर, सकाळी मागच्या टायरमध्ये २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरले होते. वर गेज साडेसत्तावीस दाखवू लागलं. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब पाचेक पीएसआयने कमी असतो म्हणून आकडा चढतो, थंडीने त्यातले निम्मे परत घेतले. तिथे हवा सोडण्याचा मोह आवरा. खाली उतरल्यावर तेवढी हवा कमी पडेल, आणि दगडावर ट्यूब रिमखाली चिरडून दोन भोकं पडतील.

चेन रोज संध्याकाळी, गरम असतानाच बघायची. ढिलाई तीन-चार जागी मोजा, कारण ती सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेत ढिल्या बाजूलाच राहा. सामान लादल्यावर स्विंगआर्म वर दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. ओ-रिंगच्या (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या) चेनला केरोसीन चालतं, पेट्रोल नको. धुळीच्या दिवसांत फक्त फडक्याने पुसली, वंगण अगदी कमी.

सामान चढवल्यावर मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दाबून ठेवलेला ताण) वाढवला आणि हेडलाइट खाली वळवला. एअर फिल्टर पाचव्या दिवशी उघडला, आत मुठीने धूळ.

परत आल्यावर गाडी धुण्याआधी पांढऱ्या रेघा पुन्हा एकदा पाहिल्या. मागच्या अ‍ॅक्सलची रेघ मीच पुसली होती, चौथ्या दिवशी. नट टॉर्क रेंचने तपासला, तो हाताच्या अंदाजाने आवळलेला होता आणि आकड्यापेक्षा थोडा कमी भरला. आता अंदाजाचा सराव चालू आहे: नळी लावून आवळायचं, मग रेंचने मोजायचं, पुन्हा सोडायचं. काल सलग तीन वेळा आकड्याच्या जवळ आले.