छत उडालं, आता टीम कुठं जाणार?

2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. ते ओसरल्यावर मारुती चौकातल्या दुकानदारापुढं जो प्रश्न होता (गाळ काढून इथंच शटर उघडायचं, की विश्रामबागेकडं गाळा बघायचा), तोच प्रश्न इकडं फ्लोरिडात एका बेसबॉल टीमच्या मालकापुढं आला. फरक एवढाच, की इथला गाळा टीमच्या मालकाचा नाही. सेंट पीटर्सबर्गचं ट्रॉपिकाना फील्ड महापालिकेचं, आणि ‘टँपा बे रेज’ ही टीम तिथली भाडेकरू.

9 ऑक्टोबर 2024 च्या रात्री मिल्टन वादळ किनाऱ्यावर आलं. ट्रॉपिकानाचं छत म्हणजे पोलादी दोरांवर ताणलेलं टेफ्लॉनचा लेप दिलेलं फायबरग्लासचं कापड. एकूण 24 पट्टे. त्यातले 18 फाटले किंवा उडून गेले. हे छत ताशी 115 मैल वाऱ्यासाठी बांधलेलं, म्हणून वादळानंतर राबणाऱ्या मदत पथकांच्या खाटा आत मैदानावरच मांडून ठेवल्या होत्या. वाऱ्याचा अंदाज वाढला तसं माणसांना आधीच हलवलं, म्हणून निभावलं.

खरं नुकसान छत गेल्यानंतर सुरू झालं. कायम झाकलेल्या इमारतीत पावसाचं पाणी बाहेर काढायची सोय जेमतेमच असते. वायरिंग, ध्वनियंत्रणा, खुर्च्या, सगळं कोरड्या हवेसाठी बसवलेलं. प्रत्येक सरीबरोबर दुरुस्तीचं बिल वाढत गेलं. पालिकेचा अंदाज 5 कोटी 57 लाख डॉलरचा होता. आत पाणी शिरू नये यासाठीचा खर्च नगरसेवकांनी नोव्हेंबरात मंजूर केला आणि त्याच दिवशी रद्दही केला. आपल्या महासभेला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता विमा. पालिकेने त्याच वर्षी वादळाचं संरक्षण 10 कोटी डॉलरवरून अडीच कोटींवर आणलं होतं, आणि आधी स्वतःच्या खिशातून सोसायची रक्कम होती 2 कोटी 20 लाख. हप्ता वाचला, पण पॉलिसीची हीच ओळ सगळ्यांत महाग पडली. 2019 नंतर सांगलीत ज्यांनी क्लेमचे कागद हाताळलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अशा वेळी मालक टीम उचलून दुसऱ्या गावाला जाऊ शकतो का? याचं उत्तर भाडेकरारात असतं, आणि करार करारात फार फरक असतो. 2005 साली, आपल्याकडं कृष्णेला पूर येऊन महिना होत नाही तोच, 29 ऑगस्टला कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. तिथल्या ‘सेंट्स’ या अमेरिकन फुटबॉलच्या टीमच्या करारात कलम होतं, की स्टेडियम वापरण्याजोगं राहिलं नाही तर मालकाला करार मोडता येईल. मालक टॉम बेन्सन यांचा मोटारविक्रीचा धंदा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत, टीमही त्या हंगामात तिथंच मुक्कामाला. ‘घरचे’ आठ सामने तीन गावांत झाले: एक न्यू यॉर्कजवळ, तीन सॅन अँटोनियोत, चार बॅटन रूजला. बेन्सन जाणार अशीच सगळ्यांची खात्री होती. त्यांना थांबवलं ते सगळ्या टीमच्या मालकांच्या लीगने. टीम हलवायची तर तीन चतुर्थांश मालकांची मतं लागतात आणि लीगचे प्रमुख (कमिशनर) पॉल टॅग्लियाब्यू यांचा स्थलांतराला विरोध होता. करार मोडायची मुदत पुढं ढकलली गेली, सरकारी पैशातून सेंट्सचं स्टेडियम सुपरडोम दुरुस्त झालं, आणि 25 सप्टेंबर 2006 ला पहिला सामना भरगच्च स्टेडियमसमोर झाला.

रेजचा करार याच्या बरोबर उलटा. दुरुस्तीची जबाबदारी पालिकेची, आणि जो हंगाम बुडेल तेवढा करार पुढं वाढेल. 2027 ला संपणारा करार त्यामुळे 2028 पर्यंत लांबला. म्हणजे एका वादळाने मालकाला दार उघडून दिलं, दुसऱ्याने त्याच्या दाराला कडी घातली.

2025 चा हंगाम खाडीपलीकडं टँपात, न्यू यॉर्क यँकीजच्या सरावाच्या स्टाइनब्रेनर फील्डवर काढला. बसायला जागा 11 हजारांच्या आसपास आणि वर छत नाही. उन्हाळ्यात इथं दुपारनंतर विजांचा पाऊस जवळपास रोजचाच, म्हणून वेळापत्रकच फिरवलं: पहिल्या 59 सामन्यांपैकी 47 घरचे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दर महिन्याला फक्त आठ. तात्पुरत्या मैदानाची अडचण ही अशी असते. तिकिटं संपतात, पण विकायला तिकिटंच कमी.

मालक स्टुअर्ट स्टर्नबर्ग यांची खरी अडचण निराळीच होती. 130 कोटी डॉलरच्या नव्या स्टेडियमचा सौदा जुलै 2024 मध्ये ठरला होता, त्यात पालिका आणि काउंटी (आपल्या जिल्हा परिषदेसारखं स्थानिक सरकार) मिळून 60 कोटींच्या आसपास घालणार होत्या. वादळानंतर काउंटीने या पैशासाठी काढायच्या कर्जरोख्यांवरचं मतदान पुढं ढकललं. उशीर झाला की बांधकाम महागतं, आणि करारानुसार वाढीव खर्च टीमच्या माथी. 13 मार्च 2025 ला स्टर्नबर्ग यांनी हात झटकले, आणि त्याच वर्षी जॅक्सनव्हिलचे घरबांधणी व्यावसायिक पॅट्रिक झालुप्स्की यांच्या गटाला सुमारे 170 कोटी डॉलरला टीम विकून टाकली. टीम जागेवरच, मालक मात्र बदलला. मतदान वेळेवर झालं असतं तरी ते थांबले असते का, याबद्दल इथं दोन तट आहेत. आमच्या मते वादळाने त्यांना फक्त सबब दिली.

आपल्याकडं असं होत नाही असं नाही. एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. मुंबई आणि पुणे दोघांनीही विशाखापट्टणम गाठलं आणि पुढच्या वर्षी परत आले. पण तिथं फ्रँचायझीने शहराशी वीस-तीस वर्षांचा करार केलेला नसतो, स्टेडियम क्रिकेट संघटनेचं असतं, त्यामुळे जाणं सोपं आणि येणंही सोपं.

रेजच्या नव्या मालकांचं लक्ष आता टँपाच्या बाजूला आहे. प्रेक्षकांची मोठी वस्ती तिकडंच आहे आणि सेंट पीटर्सबर्ग तीन बाजूंनी पाण्याने वेढलेलं. 2028 संपायच्या आत नवं स्टेडियम उभं करायचं तर आराखडा, जमिनीचे कागद, काउंटीची रोखे-मंजुरी आणि बांधकाम हे सगळं त्यातच बसवावं लागेल. म्हणून ‘टीम राहणार का?’ असं सांगलीहून कोणी विचारलं, तर मालकाची मुलाखत बघत बसू नये. टँपाकडच्या काउंटीच्या सभेची विषयपत्रिका उघडावी आणि रोख्यांचा विषय कितव्या नंबरवर आहे ते बघावं.