डॉक्टरला बंदी, संघटनेला सूट

डॉक्टर आणि औषध कंपन्या असा विषय निघाला की सगळे लगेच डोलो ६५० या तापाच्या गोळीच्या प्रकरणावर येतात, फॉरेन ट्रिपवर येतात, अमुक डॉक्टर कमिशन खातो वगैरे. खात असेल. पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे, एकट्या डॉक्टरला धरायला निदान कागदावर तरी नियम आहे, त्याच डॉक्टरांची संघटना मात्र हळूच बाजूने निसटते, आणि ते फारसं कुणाच्या लक्षातच येत नाही.

आयएमएचंच बघा, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशन, डॉक्टरांची देशातली मोठी संघटना. २००८ मध्ये पेप्सिकोशी करार केला, ट्रॉपिकानाचा ज्यूस आणि क्वेकर ओट्सच्या पाकिटावर आयएमएचं नाव, बदल्यात ३ वर्षांचे सव्वादोन कोटी. केरळातल्या कन्नूरचे डोळ्यांचे डॉक्टर के. व्ही. बाबू हे प्रकरण घेऊन डॉक्टरांवर नियमन करणाऱ्या मेडिकल कौन्सिलच्या मागे लागले (माणूस चिवट, मानलं पाहिजे, स्वतःच्याच संघटनेविरुद्ध तक्रार करायची म्हणजे खायचं काम नाही). २०१० मध्ये कौन्सिलने आयएमएच्या अध्यक्ष आणि सेक्रेटरींची नावं ६ महिने डॉक्टरांच्या रजिस्टरमधून काढायचा निर्णय घेतला. आयएमएचा बचाव काय, तर आचारसंहिता डॉक्टर व्यक्तीला लागू आहे, संघटनेला नाही!

बरं, तोवर डिसेंबर २००९ मध्ये कौन्सिलने नवीन ६.८ कलम आणलं होतं, कंपनीकडून गिफ्ट, प्रवास, हॉटेल, कॅश काही घ्यायचं नाही, आणि त्यात डॉक्टरांबरोबर 'डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटना' असंही स्पष्ट लिहिलेलं. २०१६ च्या सुरुवातीला दुरुस्ती आली आणि नेमके तेवढेच शब्द उडाले. म्हणजे डॉक्टरने घेतलं तर गुन्हा, शंभर डॉक्टरांनी मिळून संघटना काढून घेतलं तर या कलमात बसतच नाही. पुढे एशियन पेंट्सच्या भिंतीच्या रंगालाही आयएमएची शिफारस मिळाली, रंगाला!

मी स्वतः एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) म्हणून फिरलोय त्यामुळे कॉन्फरन्स आतून बघितल्यात. महाराष्ट्रात डॉक्टरला रजिस्ट्रेशन रिन्यू करायला ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते मिळवायचे तर सीएमई (डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कॉन्फरन्स) करायच्या, त्या भरवणार संघटनेची शाखा, आणि हॉल, जेवण, बॅगा, सोव्हेनियरमधल्या जाहिराती, सगळं कंपन्यांच्या जिवावर. जेवणाच्या वाटेवरच्या स्टॉलचा रेट जास्त असतो कारण तिथून सगळ्यांना जावंच लागतं 😄 शिकवणारे चांगलंच शिकवतात, ते नाकारत नाही, पण कुठला विषय घ्यायचा आणि स्पीकर कोण हे ठरवताना पैसे कोण देतंय ते कुणी विसरत नाही.

२०२३ मध्ये एनएमसीने (मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेलं नॅशनल मेडिकल कमिशन) हे बंद करायला बघितलं, २ ऑगस्टला नियम आले, कंपनीने स्पॉन्सर केलेल्या कॉन्फरन्सला डॉक्टरांनी जायचंच नाही. ब्रँडऐवजी जेनेरिक म्हणजे औषधाच्या मूळ नावानं प्रिस्क्रिप्शन लिहायच्या सक्तीवरून बोंब झाली, पेपरात तेच गाजलं, पण संघटनांना यातून वगळा ही मागणीही आयएमएने त्याच वेळी केली होती. २३ ऑगस्टला अख्खे नियमच स्थगित, जेनेरिकबरोबर स्पॉन्सरशिपचं कलमही गेलं.

मग मार्च २०२४ मध्ये सरकारने कंपन्यांसाठी मार्केटिंगचा कोड आणला. त्यात फॉरेनला सीएमई नाही, फ्री सँपल वर्षाच्या विक्रीच्या २ टक्क्यांपर्यंतच वगैरे. त्याखाली ॲबव्ही कंपनी सापडली पण, ३० डॉक्टरांना पॅरिस-मोनाकोला नेलं, खर्च १.९१ कोटी, शिक्षा म्हणून ताकीद. आणि तक्रार आधी ऐकायला जी एथिक्स कमिटी आहे ती औषध कंपन्यांच्याच असोसिएशनमधली, आता बोला.

एक मात्र बरं आहे त्या कोडमध्ये, कार्यक्रमांवर केलेला खर्च कंपनीने स्वतःच्या वेबसाइटवर टाकायचा. मग घेणाऱ्या शाखेनेही टाकावा की, कुठल्या कंपनीकडून किती आले, स्टॉलचे किती, जेवणाचे किती. ऑडिट तर होतंच दरवर्षी, त्यातलं एक पान स्कॅन करून टाकायला काय लागतं.