साडेचार फुटांचा खांब

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहून पाठव असा ग्रुपवर मेसेज आला आणि पहिलं काय आठवलं तर मी आठवी-नववीत वर्गात सगळ्यात बुटका होतो ते. आमच्या गणिताच्या सरांनी याचाही उपयोग करून घेतला. झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्यायचा असतो, आपल्याकडे फॉरेस्टवाले तिथेच टेप लावतात, आणि साडेचार फूट म्हणजे बरोबर माझे डोळे. मग काय, मला खोडाला टेकवून उभं करायचं आणि नाकावरून टेप फिरवायची. दहावीत तीन इंच वाढलो तेव्हा ती नोकरी गेली.

प्रकार असा, की सरांनी वर्गात विचारलं, झाडाचा घेर दुप्पट झाला तर उंची किती होईल? आम्ही सगळे एका सुरात, दुप्पट! सर काही बोलले नाहीत, शनिवारी अर्ध्या शाळेनंतर आम्हाला रायीत घेऊन गेले. (मुंबईकडच्या मित्रांसाठी, राय म्हणजे देवराई. आधी मानकऱ्यांना विचारावं लागलं, देवाला नारळ ठेवला, चपला बाहेर.) कोनमापकाला रिफिलची नळी चिकटवलेली आणि दोऱ्याला खडा बांधलेला, हे आमचं यंत्र. नळीतून शेंडा बघत मागे मागे जायचं, ४५ अंश झाले की थांबायचं, तिथून खोडापर्यंतचं अंतर अधिक डोळ्याची उंची म्हणजे झाडाची उंची. ऐकायला सोपं, पण रायीत शेंडा दिसतो कुणाला! एका किंजळीचा शेंडा म्हणून आम्ही शेजारच्या नाण्याचा (नाणा हेही झाडच) शेंडा मोजला होता, हे सरांना तेव्हाच कळलं असणार.

सावरीपाशी तर फजितीच झाली. तिच्या बुंध्याला फळ्यांसारखे आधार सुटलेले, आम्ही टेप त्यांच्यावरूनच गुंडाळली आणि वहीत प्रचंड घेर लिहिला. सरांनी तो खोडायला लावला, आधार संपतात त्याच्या वर मोजा म्हणाले, मग एकाला खांद्यावर घेऊन मोजलं. मग आडवा घेर आणि उभी उंची असा ग्राफ काढून प्रत्येक झाडाचा ठिपका दिला. भेरल्या माडाचा ठिपका तर भलतीकडेच गेला, कारण माडाच्या जातीची झाडं आधी जाडी ठरवून घेतात आणि मग नुसती वर जातात, खोड पुढे फारसं जाड होतच नाही. सर म्हणाले, याला वेगळा ठेवा, हा आपल्या हिशोबातला नाही.

बाकीचे ठिपके मांडले तर रेघ सरळ आलीच नाही. सुरुवातीला चढ, मग वाकत वाकत जवळजवळ आडवी. दुप्पट घेराला उंची दीडपटीच्या आसपास, आणि खूप जाड झाडांत तर उंची वाढतच नव्हती, माथा मात्र पसरत होता. घरी आजोबांना सांगितलं तर ते हसले. ‘गर्दीतलो माणूस मान वर करून बघता, तसाच झाडाचा रे झिला.’ आणि खरंच, रायीतली कोवळी झाडं काठीसारखी, सगळा जीव उजेडापर्यंत पोचण्यात, डोकं उन्हात निघालं की मग पसरतात. आपल्या शाळेच्या मैदानातला आंबा आठवा, त्याला गर्दीच नाही, म्हणून तो बुटका, जाड आणि अर्धं मैदान व्यापणारा. आपण खो-खोचे खांब त्याच्या सावलीत रोवायचो.

पुढे मी सिव्हिल केलं. कॉलमचं बकलिंग, म्हणजे खांब वजनाखाली वाकणं, शिकवताना ग्रीनहिलचं नाव आलं, त्या इंग्रज गणितज्ञाने १८८१ साली काढलं होतं की स्वतःच्या वजनाने खांब वाकायचा नसेल तर किती उंच जाता येईल. त्यात उंची जाडीच्या दोन तृतीयांश घाताने वाढते, म्हणजे आठपट जाडीला फक्त चौपट उंची. दुप्पट जाडी घालून बघितलं तर १.५९! मी लेक्चरमध्ये मोठ्याने हसलो आणि बाहेर गेलो (काढला गेलो). नंतर वाचलं की झाडं त्या मर्यादेच्या फार आत राहतात, मॅकमहॉन नावाच्या संशोधकाने १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या झाडांवर दाखवलं होतं की साधारण पाव उंचीवरच. वारा असतो, पाणी वर चढवायचं असतं, नुसतं स्वतःचं वजन थोडंच आहे. तरी मलेशियात, बोर्निओ बेटावरच्या सबाहमध्ये मेरांटी जातीचं एक झाड १००.८ मीटर गेलंय, त्याला आमच्या कोनमापकाने मोजायचं तर ४५ अंशासाठी सुमारे शंभर मीटर मागे जावं लागेल आणि त्या जंगलात तेवढं मोकळं दिसणार कुठून.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा जुनी वही सापडली. १९९३, किंजळ, घेर ६ फूट २ इंच, उंची ७४ फूट. टेप घेऊन गेलोच. घेर ७ फूट १ इंच भरला. उंची मोबाईलच्या अॅपने ७६ दाखवली, पण दोन फूट म्हणजे आमच्या तेव्हाच्या चुकीतच बसतात, शेंडाही नक्की तिचाच होता की नाही कोण जाणे. पोरगी सोबत होती, तिने विचारलं टेप कुठे लावायची, मी सवयीने खोडाला टेकून उभा राहिलो. साडेचार फूट आता माझ्या छातीशी येतात.