बाहुल्याची बाराबंदी

संक्रांत जवळ आली की सोलापुरातल्या कितीतरी घरांत कपाटाच्या तळातली पांढरी बाराबंदी (बंदांनी आवळायचा अंगरखा) बाहेर निघते, तिला ऊन दाखवले जाते, इस्त्री होते आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांबरोबर चालणाऱ्यांच्या अंगावर ती पुन्हा चढते. आमच्या घरातली बाराबंदी वडिलांची आहे. ते गेल्यापासून ती दरवर्षी उन्हात जाते आणि तशीच परत कपाटात येते. मागच्या वर्षी ती समोर ठेवून मी १८ इंची बाहुल्यासाठी बाराबंदी बेतायला घेतली, तेव्हा हे दोन संध्याकाळींचे काम आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पंधरा दिवस लागले.

बाहुल्या मी हातानेच करते. मांजरपाटाचे अंग, आत तार आणि पिंजलेला कापूस, वर मातीचा चेहरा. हे सगळे जमते, कारण माणसाचे माप लहान करता येते. साडेपाच फुटी माणूस १८ इंचांत आणायचा तर प्रत्येक मापाला साधारण पावणेचारने भागले की झाले. कापडाला मात्र हा भागाकार मान्य नसतो. त्याची जाडी आहे तेवढीच राहते.

हा धडा मला पहिल्या बाहुलीने दिला. ती इरकल नेसलेली आजी होती. नऊवारीला पावणेचारने भागल्यावर जवळजवळ सव्वादोन मीटर कापड निघाले आणि मी ते इमानदारीने सगळेच्या सगळे नेसवले. आजीची कंबर उखळासारखी झाली. शिवाय लाल काठाचा रंग मांजरपाटाच्या अंगाला लागला तो कायमचा. तेव्हापासून कोणतेही रंगीत कापड मी आधी धुते, ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहते आणि फडके कोरे राहिले तरच कातर हातात घेते. आजीच्या निऱ्याही आता फक्त पुढे आहेत. मागे पदराखाली कापडच नाही, आणि तरीही ती पूर्वीपेक्षा जास्त खरी नेसल्यासारखी दिसते. लहान माणसाला खरे दिसायचे तर शिवणाऱ्याने थोडी लबाडी करावीच लागते, हे मला त्या दिवशी पटले.

बाराबंदीसाठी मी प्रथम गणवेशाच्या कारखान्यातले पांढरे कातरण आणले. सोलापुरात गणवेश शिवणारे इतके आहेत की टेरीकॉटच्या चिंध्यांना तोटा नाही. पण त्या कापडाची बाराबंदी बाहुल्याच्या अंगावर पुठ्ठ्यासारखी उभी राहिली. माणसाच्या अंगावर कापड स्वतःच्या वजनाने खाली येते. बाहुल्याच्या वीतभर कापडाला वजनच नसते. (आमच्या शहराची शान असलेली, भौगोलिक मानांकन मिळवलेली चादर तर या कामात पूर्ण निरुपयोगी. तिच्यातला एक मोर बाहुल्याची सबंध पाठ व्यापतो.) शेवटी वडिलांचेच एक विरलेले धोतर काढले. वर्षानुवर्षे धुवून ते इतके मऊ झाले होते की मुठीत सहज मावत होते. पातळ पेजेत बुडवून, अंगावरच टाचण्यांनी चुण्या बसवून ते रात्रभर वाळू दिले आणि सकाळी टाचण्या काढल्या, तेव्हा चुण्या जागच्या जागी होत्या.

शिवणकामात शिवणीपलीकडे सोडलेल्या कापडाला आपण ‘माया’ म्हणतो. हा शब्द मला फार आवडतो, पण बाहुल्याच्या बाबतीत माया आवरती घ्यावी लागते. सवयीने अर्धा इंच सोडली तर ती त्याच्या मापाने पावणेदोन इंचांच्या वर जाते आणि मुंढ्यात बोळा भरल्यासारखी फुगते. म्हणून मी एकच सूत माया ठेवते, म्हणजे त्याचा साधारण अर्धा इंच. इतक्या कमी मायेवर धागे सुटतात, त्यामुळे कापण्याआधी रेघेवर पाणी घातलेले फेविकॉल बारीक कुंचल्याने फिरवायचे. मशीनही इथे उपयोगाचे नाही. नेहमीची अडीच मिलिमीटरची टीप त्याच्या अंगावर जवळजवळ एक सेंटिमीटरची दिसते, गोधडीच्या टाक्यासारखी. सगळी शिलाई हाताने, दहा नंबरच्या सुईने.

बाराबंदीचे एक मात्र बरे आहे की तिला गुंड्या नाहीत. शर्टाची साधी गुंडीसुद्धा बाहुल्याच्या छातीवर बशीसारखी दिसते. पुढून पूर्ण उघडणारा आणि बंदांनी आवळणारा हा पोशाख ज्यांचे डोके गळ्यातून जात नाही आणि हात वर होत नाहीत अशा लोकांसाठीच बेतला असावा असे वाटते. बाही चढवताना बोटे अडकत होती, तर त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला आणि हात सुळकन बाहेर आला.

अडले ते बंदांवर. वडिलांच्या बाराबंदीचा बंद अर्धा इंच रुंद आहे. बाहुल्याचा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास हवा. एवढ्या अरुंद पट्टीला शिवून उलटवणे अशक्य. दोन बंद सुईने उलटवताना फाटले, तिसरा आतच गोळा होऊन बसला. मग पट्टी दोन्ही कडांनी आत दुमडायची, पुन्हा मध्ये दुमडायची, इस्त्रीच्या टोकाने दाबायची आणि कडेने धावदोरा घालायचा, असे ठरले. एका बंदाला पाऊण तास. शेवया वळाव्यात तसे ते मी ताटात ओळीने ठेवत गेले. आठ झाले आणि लावून पाहिले, तर छाती भरून आली होती. पुढे एकावर एक येणाऱ्या दोन पाळ्यांपैकी आतल्या पाळीखाली आणखी दोन जोड्या घातल्या असत्या तर तिथे गाठोडे झाले असते, आणि त्या दिसणारही नव्हत्या. इरकल नेसलेल्या आजीची आठवण ठेवून मी तिथेच थांबले.

बाहुला तयार झाला, हातात काठी दिली आणि आईसमोर ठेवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने चष्मा लावला, नखाने वरची पाळी अलगद उचलली, आत पाहिले आणि बोटांवर मोजायला लागली. मी तिला जाडीचे गणित समजावून सांगितले, पावणेचारचा भागाकार सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले, पाळी जागेवर बसवली आणि चष्मा काढत म्हणाली, “मग ही आठबंदी झाली की गं.”